ओळीत उरलेली माणसं

आदिलाबादच्या बस स्टँडमागच्या गल्लीत, टायपिंग इन्स्टिट्यूटच्या वरच्या मजल्यावर, आमचं कंप्यूटर सेंटर होतं. चार मशीनं, एक कर्कश आवाजाचा प्रिंटर आणि खिडकीत पाण्याचा कूलर. मी नांदेडला कोर्स करून परतले होते. घरी लग्नाची बोलणी चालली होती आणि तोवर नुसती बसून काय करशील म्हणून वडिलांनी मला तिथे जाऊ दिलं होतं. नव्वदचं दशक अर्धं सरत आलं होतं तेव्हा. आमचं गाव महाराष्ट्राच्या सीमेवरचं, घरी कापूस आणि ज्वारी, आणि सेंटरवर काम करणारी आमच्या गावातली मी पहिलीच मुलगी. त्याचा मला जरा ताठाही होता.

सेंटरचे मालक तेलुगू होते, आमच्याशी हिंदीत बोलत. शाळांचे निकाल, सोसायट्यांच्या सभासदांच्या याद्या, असली कामं ते बाहेरून आणत. यादी टाइप करणाऱ्या दोन मुली होत्या. आणि माझ्या आधीपासून तिथे असलेले एक जण होते, ज्यांना सगळेच भाऊ म्हणत. माझ्याहून ते आठ-नऊ वर्षांनी मोठे असतील. त्यांचे वडील एका कास्तकाराकडे सालदार होते, वर्षाच्या बोलीवर राबणारे. त्यांच्या गावच्या बौद्ध वस्तीतून कॉलेजपर्यंत गेलेले भाऊ पहिले. ऐंशीच्या दशकात वसतिगृहात राहून शिकले, पण शेवटचं वर्ष पुरं करता आलं नाही. कंप्यूटर ते कुणाकडे शिकले नव्हते. हैदराबादहून आणलेलं एक जाड पुस्तक त्यांनी पानं सुटेपर्यंत वाचलं होतं, तेवढंच.

भाऊंनी एक भाषा तयार केली होती. हे ऐकून मी पहिल्या दिवशी हसले होते. टाइप करणाऱ्या मुलींना इंग्रजी जेमतेम येई, आणि प्रत्येक यादीसाठी नवा प्रोग्राम लिहायचा म्हणजे भाऊंचा आठवडा जाई. म्हणून त्यांनी वीसेक शब्दांची एक छोटी भाषा बनवली, आमच्या बाजारातल्या हिंदीतली. लो, रखो, गिनो, छापो. अक्षरं इंग्रजी, शब्द आपले. मुली त्यात स्वतःच याद्या लावू लागल्या होत्या. महिनाभरात मीही दुसऱ्या कशात काम करेनाशी झाले.

त्या भाषेत एक गोष्ट फार कडक होती. समजा, यादीची एक ओळ आहे आणि तिच्यात स्वल्पविरामांनी वेगळे केलेले चार तुकडे आहेत: नंबर, गाव, नाव, वय. ही ओळ मोकळी करायची, म्हणजे एकेका तुकड्याला नाव देऊन तो वेगळा ठेवायचा, तर 'लो' लिहून चार नावं द्यावी लागत. तीन दिली किंवा पाच दिली की मशीन थांबे आणि कितव्या ओळीवर अडलं ते सांगे. ती ओळ दुरुस्त केल्याशिवाय पुढे जात नसे. भाऊंना ते पसंत होतं. जमलं नाही तर थांबावं, असं त्यांचं म्हणणं.

मग ते काम आलं. इंद्रवेल्लीच्या बाजूला एका ओढ्यावर तलाव होणार होता आणि काही वाड्या-गावं पाण्याखाली जाणार होती. सर्व्हे करणाऱ्यांनी घरटी एक फॉर्म भरला होता. वर कुटुंबप्रमुखाचं नाव आणि खाली त्या घरातल्या अशा सज्ञान माणसांची नावं, ज्यांना नव्या वसाहतीत घरासाठी वेगळी जागा मिळायची होती. मोठी झालेली मुलं, विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या बायका. फॉर्म आमच्याकडे गठ्ठ्यांनी आले. मुलींनी ते टाइप केले, एका घराची एक ओळ. कुठे दोन नावं, कुठे तीन, कुठे एकही नाही. आणि आमची भाषा दर दोन ओळींनी थांबू लागली.

मुली वैतागल्या. मालक विचारू लागले की यादी कधी निघणार. तेव्हा भाऊ म्हणाले की भाषेतच सोय करावी लागेल. ओळीतले हवे तेवढे तुकडे घेता यावेत, सगळेच घ्यायची सक्ती नको. इथपर्यंत आमचं एकमत होतं. पण ते लिहायचं कसं, यावर आमचा वाद सुरू झाला आणि चार दिवस चालला.

भाऊंचं म्हणणं होतं की नवा एक शब्द आणायचा, 'बाकी'. हवी ती नावं लिहिल्यावर शेवटी 'बाकी' लिहायचंच, आणि त्या उरलेल्याचं काय करायचं तेही लिहायचं. ठेवायचं असेल तर त्याला नाव द्यायचं, टाकायचं असेल तर 'बाकी छोडो' म्हणायचं. दोन्हीपैकी काहीच नसेल आणि ओळीत काही उरत असेल, तर मशीननं पूर्वीसारखं थांबायचं. माझं म्हणणं साधं होतं. डावीकडे जितकी नावं दिली तितके तुकडे घ्यायचे. कमी पडले तर तिथे रिकामं, जास्त असले तर गुपचूप सोडून द्यायचे. नवा शब्द नको, जास्तीचं टाइप करणं नको.

प्रिंटरच्या कागदाच्या पाठीवर आम्ही दोघं आपापल्या पद्धतीनं तीच ओळ लिहून दाखवत होतो. माझी आखूड दिसे, त्यांची लांब. मी म्हटलं की प्रत्येक ओळीला 'बाकी छोडो' लिहायची एकदा सवय लागली की मुली ते न बघताच लिहितील, मग त्या शब्दाचा उपयोग काय? त्यांनी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. मग म्हणाले, "ते बी खरं हाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी शब्दाऐवजी नुसती * ही चांदणी सुचवली, एकच खूण. मी तीही नाकारली. नुसत्या चांदणीवरून काय कळणार, असं म्हटलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला सरळ विचारलं, "पाचच नावं मागतली अन् ओळीत सात असली, तर दोन माणसं कुठं जातील?"

"कुठंच नाही," मी म्हटलं. "ज्याला पाच हवीत तो पाच घेईल. उरलेली ओळीत असतातच की."

"ओळीत असतात. पन कागदावर नसतात." त्यांनी पेन खाली ठेवलं. "टाकाचं असलं तर टाका ना, बाई. मी नाई म्हनून नाई राह्यलो. पन टाकतानी हाताले समजलं पायजे."

मला ते बोलणं जरा नाटकी वाटलं. कंटाळाही आला होता. मी म्हटलं की मोठ्या, नावाजलेल्या भाषांमध्ये असंच असतं, जास्तीचं आपोआप सुटतं. आम्हाला कोर्सला तसंच शिकवलंय. खरं म्हणजे हे मला नक्की ठाऊक नव्हतं. कोर्सला हा विषय निघालाच नव्हता. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. माझ्याकडे सर्टिफिकेट होतं, त्यांच्याकडे नव्हतं. आणखीही एक गोष्ट होती जी दोघंही बोललो नाही: त्यांचे वडील ज्यांच्या वावरात राबले, तसल्या घरातली मी होते. तो वाद मी मुद्द्यावर जिंकले, असं मला पुढे बरीच वर्षं वाटत होतं.

मालकांनी चहा पिता पिता निकाल दिला. ज्यात टाइप कमी करावं लागेल ते घ्या, म्हणाले. भाऊंनी त्याच दुपारी माझी पद्धत स्वतःच्या हातानं भाषेत घातली. कुरकुर न करता, आणि अगदी व्यवस्थित.

यादी छापायचा प्रोग्राम मी लिहिला. कागदाच्या रुंदीत नंबर, गाव, प्रमुख आणि पुढे पाच नावं बसत होती. वरच्या गठ्ठ्यातले काही फॉर्म मी चाळून पाहिले. पाचच्या पुढे नाव कुठे दिसलं नाही. जास्तीचं असलं तर नंतर बघू, असं मनाशी म्हटल्याचंही आठवतं. यादी एका सकाळी सरसर निघाली. मशीन एकदाही थांबलं नाही. मालकांनी सगळ्यांना मिरची भजी आणवली. आठवड्यानं तलावाचं काम पाहणाऱ्या सरकारी कार्यालयातून कुणीतरी आलं, बांधलेले गठ्ठे मोजून घेऊन गेलं, आणि माझ्या बाजूनं ते काम संपलं.

पुढल्या उन्हाळ्यात ती आली.

चाळिशीची असेल. उंच, हाडापेरानं मोठी, पायात टायरच्या चपला. सोबत सातवी-आठवीतली भाची. जिना चढून आल्यावर ती दाराशीच थांबली आणि भाऊंचं नाव विचारलं. भाऊ तिच्या शेजारच्या गावचे, म्हणून तिला कुणीतरी त्यांच्याकडे पाठवलं होतं. भाऊंनी तिला खुर्ची दिली. ती खाली फरशीवर बसली.

हकीकत तिनं सावकाश सांगितली. नवऱ्यानं दुसरी केल्यावर ती भावाकडे आली होती, त्याला आता पंधराएक वर्षं झाली. सर्व्हेवाला आला तेव्हा ती दारातच होती. तिच्या भावाचं नाव लिहिलं, मग त्याच्या धाकट्या भावांचं, मोठ्या पोरांचं, आणि शेवटी तिचं. गावच्या चावडीवर यादी लागली ती इंग्रजी अक्षरात. तिथल्या मराठी घरांतून ती कुणी वाचली नाही. हरकतीची मुदत कधी लागली, कधी सरली, ते कळलं नाही. आता जागा वाटायला सुरुवात झाली होती. भाचीनं यादी वाचली तर घरातल्या सगळ्यांची नावं होती, फक्त आत्याचं नव्हतं. कार्यालयात गेल्यावर तिथल्या माणसानं सांगितलं की यादी कंप्यूटरनं काढली आहे, कंप्यूटर चुकत नाही.

"म्हून आले," ती म्हणाली. "मले ते मशीन पाहाचं हाय, ज्यानं माझं नाव काढलं."

भाऊंनी मशीन सुरू केलं. जुन्या फ्लॉपीतून ती फाइल काढली आणि तिच्या गावापर्यंत आले. मी त्यांच्या पाठीमागे उभी होते. तिच्या भावाची ओळ पडद्यावर आली. नंबर, गाव, प्रमुख, आणि पुढे नावं. एक, दोन, तीन, चार, पाच. मग आणखी एक स्वल्पविराम, आणि तिचं नाव. एकाही अक्षराची चूक नव्हती.

भाचीनं बोट ठेवून वाचलं, "आत्या, हे पाय, हाय तुझं नाव."

ती उठून पडद्याजवळ आली. वाचता येत नव्हतं, तरी भाचीच्या बोटाखालच्या अक्षरांकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"हाय तर मंग देलं काऊन नाई?"

भाऊंनी तिला समजावलं. मशीननं प्रमुखाच्या मागं पाचच नावं घेतली, तुमचं सहावं होतं. ते इतकं नीट सांगितलं की तिला लगेच कळलं, आणि तिनं पुढचा प्रश्न विचारला.

"पाचच घ्या म्हून कोनं सांगतलं?"

भाऊ माझ्याकडे वळले नाहीत. मीच बोलले. म्हटलं, सरकारी कागदच तेवढा रुंद असतो. तिनं मान डोलावली, जणू कागदाची रुंदी म्हणजे तिच्या ओळखीची गोष्ट होती.

ती गेल्यावर भाऊ जेवायला गेले नाहीत. संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी 'बाकी' हा शब्द भाषेत घातला आणि सगळ्या यादीतून फक्त उरलेली नावं छापून काढली. दीड पान भरलं. मी ती वाचत गेले. जवळजवळ सगळ्या बायका. कुणाची विधवा बहीण, कुणाची परत आलेली मुलगी, एका घरातला आंधळा चुलता. घरात विचारताना माणसं ज्या क्रमानं सांगतात त्याच क्रमानं सर्व्हेवाल्यांनी लिहिलं होतं, आणि ज्यांची आठवण शेवटी होते ते ओळीच्या शेवटी गेले होते. मी जे काही फॉर्म चाळले होते ते रस्त्याकडेच्या गावचे, छोट्या घरांचे. आतल्या गावांतली एकत्र घरं गठ्ठ्याच्या तळाशी होती.

मालकांना दाखवलं. ते घाबरले. यादी स्वीकारली गेली आहे, सह्या झाल्या आहेत, आता चूक आमची म्हणून पुढे गेलो तर पुन्हा काम कोण देईल, असं त्यांचं म्हणणं. पण जाऊ नका असंही ते म्हणाले नाहीत. अर्ज मी लिहिला. काही नावं तांत्रिक कारणामुळे यादीत येऊ शकली नाहीत, तरी सोबतची पुरवणी यादी जोडून घ्यावी.

भाऊंनी तो वाचला. "तांत्रिक म्हंजे कोन?" त्यांनी विचारलं.

मी पेन त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी सही केली. त्यांच्या सहीखाली मी माझी केली.

कार्यालयातला क्लार्क भला माणूस होता. त्यानं आम्हाला पाणी दिलं, अर्ज घेतला, आमच्या प्रतीवर शिक्का मारला. मुदत संपली आहे, पण फाइल वर पाठवतो, म्हणाला. आम्ही आठवड्याला एकदा जाऊ लागलो. कधी साहेब दौऱ्यावर असत, कधी फाइल. पुढे साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, वसाहतीचा नकाशा टेबलावर पसरला आणि चौकोनांवरून पेन फिरवत सांगितलं की पाहा, सगळ्या चौकोनांत नंबर पडले आहेत, एकही मोकळा नाही. ते रागावले नव्हते. आम्ही नकाशाकडे पाहत राहिलो आणि मग उठलो.

त्या पावसाळ्यात तलाव भरला.

भाऊंनी शिक्षकभरतीची परीक्षा दिली आणि इंद्रवेल्लीच्या पलीकडे एका वस्तीशाळेवर गेले. ह्या प्रकरणामुळे जाताय का, असं मी विचारलं. नाही म्हणाले, सरकारी नोकरी हाय, आईले बरं वाटन. जायच्या आधी त्यांनी मला भाषेच्या सगळ्या फाइल नीट समजावून दिल्या. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. वर्षभरात बाजारात तयार पॅकेजं आली, मालकांनी जुनी मशीनं विकली आणि त्या भाषेत काम करणारं कुणी उरलं नाही.

माझं लग्न भैंशाला झालं. सासरचं घर बाजाराजवळ, तिथून जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचा, भोंगा ऐकू येई. दुसऱ्या वर्षी कापसाच्या हंगामात मी गुडीहत्नूरला एका लग्नात भाऊंना भेटले, तेव्हा त्यांनी सांगितलं की ती यादीतून सुटलेली बाई तुमच्याच गावात जिनिंगला आहे. आधी नव्या वसाहतीत भावाच्या जागेच्या मागे टिनाचे पत्रे टाकून ती राहत होती. भाच्यांची लग्नं झाली, त्यांना जागा अपुरी पडू लागली. कुणी तिला निघ म्हटलं नाही. तिच्या टिनाखाली गाय बांधली, एवढंच.

मी जिनिंगच्या फाटकाशी गेले. दुपारच्या सुट्टीत बाया भिंतीच्या सावलीला भाकर खात बसल्या होत्या. सगळ्यांच्या केसांवर, भुवयांवर कापसाची पांढरी पूड. ती मला ओळखू येईना. तिनंच मला ओळखलं. आदलाबादची मशीनवाली, म्हणाली. बस म्हणाली. तिला खोकला होता. एक वाक्य झालं की ती थांबे, पदर तोंडाशी धरी, मग पुढचं बोले. मी तिला भाचीबद्दल विचारलं, तिनं मला लेकराबाळांबद्दल विचारलं. मग मी सांगून टाकलं. पाचच घ्यायची असं कागदानं नव्हतं ठरवलं, मी ठरवलं होतं. उरलेली नावं मशीननं न विचारता सोडावीत हेही माझंच. भाऊ नको म्हणत होते.

तिनं शेवटचा घास खाल्ला, हात झटकले.

"मंग आता काऊन सांगून राह्यली?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. भोंगा झाला. तिनं डबा फडक्यात बांधला, माझ्या खांद्याला धरून उठली आणि बाकीच्या बायांबरोबर आत गेली.

पुढच्या हंगामात ती आली नाही. मुकादमाला विचारलं तर त्याला कोण ती आठवेना. अशा कितीतरी बाया येतात, म्हणाला. दिवाळीनंतर मी नव्या वसाहतीला गेले. सारख्या मापाची घरं, सरळ आखलेले रस्ते, झाडं नव्हती. घर शोधायला वेळ लागला. तिचा भाऊ अंगणात बाज विणत होता. त्यानं मला बाजेच्या विणून झालेल्या भागावर बसवलं आणि सांगितलं की ती गेल्या उन्हाळ्यातच गेली. नांदेडच्या दवाखान्यात नेलं होतं, छातीत काही उरलं नाही म्हणाले. परत आणलं तर मसणवटा कुठं करायचा ते या वसाहतीत तोवर ठरलंच नव्हतं. नकाशात ते धरायचं राहून गेलं होतं. मग तलावाच्या कडेला नेलं. पाणी उतरलं होतं, चिखलात लाकडं रचली.

सुनेनं गुळाचा चहा आणून दिला. तिचा भाऊ पुन्हा विणायला लागला. दोरी ओढता ओढता त्यानं विचारलं, "तुमी कोन तिच्या?"

"ओळखीची," मी म्हटलं.

चहा संपवून मी कप धुवायला उठले, तर सुनेनं तो हातातून घेतला. आदिलाबादची बस चारला होती. फाट्यापर्यंत चालत जावं लागणार होतं, म्हणून मी लवकर निघाले.